‘येतंय की’ कधी म्हणावं?

जानेवारी सरत आला, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा उठला, की सोलापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या गाड्यावर एकच संवाद ऐकू येतो. “किती झालं बे?” “झालंय की सगळं. फक्त रिव्हिजन राहिलीय.” बोलणारा थाप मारत नसतो. पान उलटताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, म्हणून त्याला मनापासून झालंय असंच वाटतं. पुस्तक मिटल्यावर त्यातलं किती आपल्याजवळ राहणार, हा हिशेब मात्र त्याने कधी मांडलेला नसतो.

हा हिशेब माणसं मनातल्या मनात कसा मांडतात, यावर मानसशास्त्रज्ञ 1960 च्या दशकापासून प्रयोग करत आले आहेत. त्यातून विद्यार्थ्याच्या उपयोगाची एक गोष्ट निघते: आपला अंदाज चुकतो, पण वाटेल तसा चुकत नाही. तो ठरावीक वेळी, ठरावीक बाजूला झुकतो. म्हणूनच तो सुधारता येतो. बारावी, नीट, पोलीस भरती किंवा एमपीएससीचा अभ्यास पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहितोय. स्मरणशक्ती वाढवण्याच्या युक्त्या शोधत असाल तर त्या इथे मिळणार नाहीत.

सुरुवातीला एक चाचणी

सोलापुरात राहणारा माणूस चार हुतात्मा चौकातून किती वेळा गेला असेल, याची मोजदाद नाही. आता एक कागद घ्या. त्या चौघांची नावं आडनावासह, फाशीची तारीख आणि तुरुंग, अशी एकूण सहा उत्तरं लिहायची आहेत. पण त्याआधी कागदाच्या कोपऱ्यात एक आकडा लिहा: सहापैकी किती येतील? मग उत्तरं लिहा. खालची ओळ त्यानंतरच वाचा.

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931. येरवडा.

हा प्रश्न घातला की बरेच जण कोपऱ्यात ठसठशीत पाच किंवा सहा लिहितात आणि तिसऱ्या नावापाशी पेन थांबतं. यात सोलापूरकरांचा काही विशेष दोष नाही. रेमंड निकरसन आणि मेरिलिन अ‍ॅडम्स यांनी 1979 मध्ये अमेरिकी लोकांना त्यांचं एक सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं होतं. जन्मभर खिशात वागवलेलं नाणं, तरी बहुतेकांना त्यावरच्या गोष्टी जागच्या जागी दाखवता आल्या नाहीत. रोज नजरेस पडणारी गोष्ट ओळखीची होते. ती मागितल्यावर आठवेलच असं नाही. अभ्यासाच्या पुस्तकाचंही हेच होतं.

कोपऱ्यातला आकडा आणि खरी उत्तरं यांच्यात जो फरक पडला, तो कमी करणं हेच पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं काम.

पायरी 1: अंदाजाची वही

साधी शंभर पानी वही पुरे. चार रकाने आखा: तारीख, धडा, अंदाज, प्रत्यक्ष. धडा वाचून झाला की त्यावर दहा प्रश्न स्वतः काढा किंवा जुन्या प्रश्नपत्रिकेतून घ्या. अंदाजाच्या रकान्यात ‘बऱ्यापैकी’, ‘चांगलं’ असं काही चालणार नाही. दहापैकी किती, तो आकडाच हवा. ‘बऱ्यापैकी’ कधी खोटं ठरत नाही, म्हणून त्यातून शिकायलाही काही मिळत नाही.

अंदाज नेहमी एखाद्या दिवसाचा करा: ‘पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी किती येतील?’ हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपलं मन मधले दिवस हिशेबात धरतच नाही. इस्रायलमधले अ‍ॅशर कोरियात, अमेरिकेतले रॉबर्ट बियॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हे दाखवलं. शब्दांच्या जोड्या शिकल्यावर काहींना लगेचच्या परीक्षेचा अंदाज विचारला, काहींना एका दिवसानंतरच्या आणि काहींना आठवड्यानंतरच्या. तिन्ही गटांचे अंदाज जवळपास सारखेच निघाले. प्रत्यक्ष आठवण मात्र आठवड्यात कोसळली होती. विसरणं म्हणजे काय हे या लोकांना नक्कीच ठाऊक होतं. अंदाज बांधताना ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्याच संशोधनात यावरचा तोडगाही सापडला, आणि तो फुकटचा आहे. ‘किती लक्षात राहील?’ असं न विचारता ‘किती विसरेन?’ असं विचारलं, की लोक मधल्या काळाचा विचार करू लागतात. म्हणून वहीतल्या तिसऱ्या रकान्याला ‘शुक्रवारपर्यंत दहापैकी किती विसरेन’ असं नाव दिलंत तरी चालेल. मला तर तेच जास्त पटतं.

विसरण्याचा वेगही माहीत असलेला बरा. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये जे आकडे छापले, ते आजही दाखले म्हणून दिले जातात. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं, अशी त्यांची रीत. तासाभराने 44 टक्के श्रम वाचत होते, दिवसाने 34 टक्क्यांच्या आसपास आणि महिन्याने 21 टक्के. म्हणजे मोठी घसरण पहिल्याच दिवशी होते, पुढची संथपणे. तुमचे धडे निरर्थक नसल्याने तुमची घसरण इतकी तीव्र नसेल, पण वळण तेच.

पायरी 2: कशावर भरवसा ठेवायचा नाही

वाचताना जे सोपं जातं ते लक्षात राहणार, असं मन गृहीत धरतं. मॅथ्यू ऱ्होड्स आणि अ‍ॅलन कॅस्टेल यांनी 2008 मध्ये काही शब्द मोठ्या टायपात आणि काही लहान टायपात दाखवले. मोठ्या अक्षरातले जास्त आठवतील असा लोकांचा अंदाज होता, पण आठवण्यात तसा फरक पडला नाही. हायलायटरने पिवळी केलेली पानं, चार रंगांच्या पेनांनी सजवलेल्या नोट्स, सुवाच्य अक्षरात उतरवलेला अख्खा धडा, हे सगळं याच माळेतलं. नोट्स काढू नका असं माझं म्हणणं नाही. नोट्स देखण्या झाल्या म्हणून वहीतला आकडा वाढवू नका, इतकंच.

यूट्यूबवरच्या सरांचंही तसंच. वक्ता अडखळला नाही, फलक झकास रंगवला, की ‘काय समजावलंय’ असं वाटतं. 2013 मध्ये शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी एकच मजकूर एकाच बाईंकडून दोन तऱ्हांनी सांगून घेतला: एकदा समोर बघत सफाईने, एकदा कागदात डोकं घालून चाचरत. सफाईदार सांगणं ऐकलेल्यांना आपल्या लक्षात खूप जास्त राहील असं वाटलं. नंतर आठवलं ते दोन्ही गटांना साधारण सारखंच. सरांची सफाई सरांकडेच राहते.

पायरी 3: अंदाज उशिरा करा

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी ठेवा.

धडा वाचून संपला त्या क्षणी ‘आलं का?’ असं मनाला विचारलं की मन ‘आलं’ म्हणणारच, कारण उत्तर अजून ओठांवर असतं. कडक भाकरी कडक झाली की नाही, हे ती तव्यावरून उतरताच दाबून कळत नाही. गार व्हावी लागते. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलोस्की यांचा 1991 चा प्रयोग नेमका याच गार होण्याबद्दल आहे. शब्दांची एकेक जोडी शिकल्यावर काही जोड्यांबद्दलचा अंदाज त्यांनी लगेच घेतला, काहींबद्दलचा मध्ये इतर जोड्या शिकवून, थोड्या वेळाने घेतला. अंदाज आणि निकाल यांचा मेळ उणे 1 ते 1 अशा मापावर मोजला; 0 म्हणजे काही संबंध नाही, 1 म्हणजे तंतोतंत. लगेचच्या अंदाजाचा मेळ 0.38 निघाला, उशिराच्या अंदाजाचा 0.90. माणसं तीच, स्मरणशक्ती तीच. फक्त विचारण्याची वेळ बदलली होती.

ही उसंत तासन्‌तासच हवी असं नाही. अक्कलकोट किंवा मोहोळहून रोज एसटीने येणाऱ्यांना ती आयती मिळते: सकाळी अभ्यासिकेत जे वाचलं त्याचा अंदाज परतीच्या गाडीत बसल्यावर करा. शहरातच राहत असाल तर धडा संपवा, दुसऱ्या विषयाचं काहीतरी करा, जेवा, आणि मग वही उघडा.

यात एक अट आहे, आणि बहुतेकजण तिथेच घसरतात. अंदाज करताना उत्तर डोळ्यांसमोर असता कामा नये. डनलोस्की आणि नेल्सन यांनीच 1992 मध्ये दाखवलं की नुसता प्रश्न बघून केलेला उशिराचा अंदाज नेमका ठरतो; प्रश्नाशेजारी उत्तरही दिसत असेल तर हा फायदा बराचसा जातो. म्हणून नोट्स चाळत ‘हे येतंय, हेही येतंय’ अशा खुणा करत जाणं फोल आहे, मग ते रात्री केलंत काय आणि चार दिवसांनी केलंत काय. प्रश्न एका पानावर, उत्तरं मागच्या पानावर. पान उलटायचं नाही.

पायरी 4: कोरा कागद

अंदाज लिहून झाला की ठरलेल्या दिवशी खरी तपासणी. पुस्तक मिटा, फोन पिशवीत टाका, कोऱ्या कागदावर उत्तरं लिहा. मनातल्या मनात ‘हां, ते माहीत आहे’ म्हणून पुढे जायचं नाही; शाईने लिहायचं.

या तपासणीत अभ्यासही होतो, आणि वाचण्यापेक्षा चांगला होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते: 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणारे 40, आठवणारे 61. सगळ्यात मासलेवाईक भाग असा की ‘आठवड्याने जास्त लक्षात राहील’ असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. आठवून लिहिताना अडखळायला होतं, चिडचिड होते, आणि त्यामुळे आपलं काही होत नाहीये असं वाटत राहतं. ती चिडचिड सहन करा.

गणित-भौतिकीवाल्यांनी यात एक बदल करावा. एकाच प्रकारची पंधरा उदाहरणं ओळीने सोडवली की हात बसतो, आणि प्रकरण आलं असं वाटतं. पण तिथे कुठलं सूत्र वापरायचं हा प्रश्न सोडवायचाच नसतो. प्रकरणाच्या नावानेच तो सोडवलेला असतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला सरमिसळ करून. सरावात प्रकारवारवाले 89 टक्के, सरमिसळवाले 60. आठवड्यानंतरच्या परीक्षेत प्रकारवारवाले 20 वर आले आणि सरमिसळवाले 63 वर राहिले. तेव्हा तपासणीचे दहा प्रश्न निदान तीन प्रकरणांतून घ्या.

‘पाठ आहे’ आणि ‘समजलं आहे’ यांची तपासणी वेगळी करावी लागते. यंत्रमागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मुलाला विचारा: चादरीवर फूल कसं उमटतं? तो म्हणेल, “जकार्डवर होतं.” बरं, जकार्ड काय करतं? इथे बहुधा शांतता पसरते. जकार्डला भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ असते; त्या भोकांप्रमाणे ठरावीक उभे धागे वर उचलले जातात, त्यांच्याखालून धोटा आडवा धागा घेऊन जातो, पुढच्या पत्त्याला दुसरे धागे उचलले जातात, आणि अशा एकेका आडव्या धाग्याने फूल तयार होतं. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी 2002 मध्ये कुलूप, झिप, संडासाचा फ्लश अशा रोजच्या वस्तूंबद्दल हेच केलं. ‘हे कसं चालतं ते मला कळतं’ म्हणून लोकांनी स्वतःला आधी भरघोस गुण दिले. मग पायरी-पायरीने लिहायला सांगितल्यावर तेच गुण त्यांनी स्वतःच खाली आणले.

म्हणून ‘कसं’ आणि ‘का’ असे प्रश्न असलेला धडा कुणाला तरी सांगून बघा. ज्यांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांची इथे चांगली सोय आहे. मराठी पुस्तकातला प्रकाशसंश्लेषणाचा धडा आईला घरच्या भाषेत सांगायला बसा. पुस्तकातली पाठ वाक्यं तिथे कामाला येत नाहीत. कुठे अडलात ते लिहून ठेवा. उद्याचा अभ्यास तोच.

पायरी 5: वही वाचायला शिका

दोन-तीन आठवड्यांनी अंदाज आणि प्रत्यक्ष हे रकाने शेजारी ठेवून बघा. विषयवार बघा, कारण एकाच मुलीचा इतिहासाचा अंदाज फुगलेला आणि रसायनशास्त्राचा अगदी नेमका असू शकतो. अंदाज नेहमी दोनाने जास्त निघत असेल तर पुढच्या वेळी सरळ दोन वजा करा. इतकं साधं आहे ते.

पक्की खात्री होती आणि उत्तर चुकलं, अशा प्रश्नांवर लाल खूण करा. ते लाजिरवाणे वाटतात, पण खात्री नसताना केलेल्या चुकांपेक्षा ते बरे. ब्रेडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांच्या 2001 च्या प्रयोगात, खात्रीने दिलेली चुकीची उत्तरं दुरुस्ती दाखवल्यावर जास्त सहज सुधारली; डळमळीत चुका तितक्या सुधारल्या नाहीत. धक्का बसला की लक्ष जातं. मात्र दुरुस्ती त्याच दिवशी बघा, नाहीतर चूकच पक्की होऊन बसेल.

एकदा बरोबर आलेला प्रश्न यादीतून काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. कार्पिक आणि रोडिगर यांनी 2008 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या 40 जोड्या शिकवल्या. एकदा आलेले शब्दही ज्यांना पुढे विचारत राहिले, त्यांना आठवड्याने 80 टक्के आठवले. ज्यांना आलेले शब्द पुन्हा विचारले नाहीत, त्यांना एक तृतीयांशाच्या आसपास. आणि अंदाज? सगळ्या गटांचा साधारण निम्मा. स्वतःची पद्धत चांगली आहे की वाईट, हे त्यांना आतून कळतच नव्हतं. तेव्हा आलेला प्रश्न निदान तीन वेगवेगळ्या दिवशी बरोबर येईपर्यंत वहीत राहू द्या. तीनचा आकडा माझा आहे, तुम्ही चार ठेवा.

या दिवसांत गड्ड्याला जायचं असेल तर खुशाल जा. चार-पाच दिवसांचा खंड पडला की वहीतले जुने प्रश्न खरी परीक्षा देतात. खंडानंतर कोऱ्या कागदावर जे उतरतं, त्यावर मी सलग रात्री जागून झालेल्या ‘रिव्हिजन’पेक्षा जास्त विश्वास ठेवीन.

आता उलट बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कोरियात आणि सहकाऱ्यांना 2002 मध्ये असं आढळलं की तीच यादी पुन्हा पुन्हा शिकताना दुसऱ्या फेरीपासून लोकांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी पडू लागतात. आठवण सुधारत असते, विश्वास तितका वाढत नाही. फेब्रुवारीत रडकुंडीला येऊन “मला काहीच येत नाही, मॅडम” म्हणणाऱ्या मुलींपैकी कित्येकींचं हेच असतं. त्यांना धीराच्या चार शब्दांपेक्षा त्यांच्याच वहीतला ‘प्रत्यक्ष’ हा रकाना दाखवलेला जास्त उपयोगी पडतो. पहिल्या वाचनानंतरचं ‘सगळं येतंय’ आणि चौथ्या फेरीनंतरचं ‘काहीच येत नाही’, दोन्ही सारखेच बिनभरवशाचे. मला दुसरं जास्त काळजीचं वाटतं, कारण त्यापायी मुलं पेपरच सोडतात.

पायरी 6: सराव पेपरावर खुणा

बहुपर्यायी परीक्षा देणार असाल तर ही सवय गुणांत उतरते. सराव पेपर सोडवताना प्रत्येक उत्तरापुढे एक अक्षर लिहा: ‘प’ म्हणजे पक्कं, ‘अ’ म्हणजे अर्धवट, दोन पर्यायांत घोळ, आणि ‘ठ’ म्हणजे ठोकलंय. तपासल्यावर प्रत्येक अक्षराचे किती टक्के बरोबर आले ते काढा. ‘प’पैकी पंचाहत्तर टक्केच बरोबर येत असतील तर तुमचं ‘पक्कं’ अजून कच्चं आहे.

‘अ’चा आकडा नीटवाल्यांना खास उपयोगी. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकल्यास 1 वजा. ‘अ’ची निम्मी उत्तरं बरोबर येत असतील तर अशा दहा प्रश्नांत 20 मिळतात आणि 5 जातात, निव्वळ 15 हातात. तरीही भीतीपोटी हे प्रश्न कोरे सोडणारी मुलं भरपूर आहेत. एमएचटी-सीईटीत तर चुकीला गुण वजा होत नाहीत. तिथे ‘ठ’सुद्धा रिकामं ठेवू नये.

‘पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नकोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला मात्र ऐकू नका. जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 1,561 विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली. 51 टक्के बदल चुकीकडून बरोबरकडे गेले होते, 25 टक्के बरोबरकडून चुकीकडे. बदलून चुकलेलं उत्तर वर्षभर सलत राहतं, बदलून जमलेलं कुणाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून हा सल्ला टिकून आहे. बदलण्याला कारण सुचलं असेल, आणि परीक्षेत सोय असेल, तर बदला. सराव पेपरात अशा बदललेल्या उत्तरांभोवती गोल करत जा. चार पेपरांनंतर तुमचा स्वतःचा हिशेब हाती येईल आणि कुणाला विचारायला जावं लागणार नाही.